‘आमूर’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी दिग्दर्शक मिशाएल हानेके यांचा ‘आमूर’ हा सिनेमा जमेल त्यांना दाखवत आले आहे. कधी मैत्रिणीच्या घरी, कधी सोसायटीच्या हॉलमध्ये पडदा बांधून, एकदा तर ज्येष्ठ नागरिक मंडळात. सिनेमा संपला की पाचएक मिनिटं कुणी बोलत नाही. मग चहा येतो आणि प्रश्न सुरू होतात. थोड्याफार फरकाने तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवते आहे. पहिले चार प्रश्न सिनेमा न पाहिलेल्यांसाठी आहेत. त्यानंतर शेवटासकट सगळं उघड केलं आहे. अर्थात हा सिनेमा स्वतःच पहिल्या दोन मिनिटांत आपला शेवट सांगून टाकतो, त्यामुळे शेवट आधी कळला म्हणून फार काही हातचं जाणार नाही.

गोष्ट काय आहे, थोडक्यात सांगाल?

पॅरिसमध्ये राहणारं जॉर्ज आणि आन हे ऐंशी ओलांडलेलं जोडपं. दोघंही संगीताचे निवृत्त शिक्षक. घर प्रशस्त, पण जुनं. पुस्तकं, पियानो, थोडी पोपडे आलेली भिंत. मुलगी एव्हा हीसुद्धा संगीतात आहे, ती इंग्रज नवऱ्याबरोबर परदेशी असते. एके दिवशी सकाळी नाश्त्याच्या टेबलावर आन काही मिनिटांसाठी हरवते. मेंदूकडे जाणारी मानेतली रक्तवाहिनी तुंबल्याचं निघतं, ऑपरेशन होतं, ते फसतं आणि उजवी बाजू जाते. हॉस्पिटलातून घरी आल्यावर ती नवऱ्याकडून एक वचन मागते : मला पुन्हा हॉस्पिटलात नेऊ नकोस. उरलेला सिनेमा म्हणजे जॉर्ज ते वचन कसं पाळतो त्याची हकीकत. दोन तास सात मिनिटांचा हा सिनेमा सुरुवातीचा थोडा भाग सोडला तर त्या घराबाहेर पाऊल टाकत नाही.

उच्चार काय करायचा? अर्थ काय?

‘आमूर’. अर्थ प्रेम. बायकोचं नाव ‘अ‍ॅन’ नाही, ‘आन’. नवऱ्याचं नाव फ्रेंचमध्ये ‘झॉर्झ’च्या जवळ जातं, पण मी इथे सरळ जॉर्ज लिहिते.

हा फ्रेंच सिनेमा की ऑस्ट्रियन?

भाषा फ्रेंच, शहर पॅरिस, कलाकार बहुतेक फ्रेंच. दिग्दर्शक ऑस्ट्रियाचे, आणि पैसा फ्रान्स, ऑस्ट्रिया, जर्मनी असा तिघांचा. ऑस्करला तो ऑस्ट्रियाकडून गेला आणि परभाषिक सिनेमाचं बक्षीस घेऊन आला. फ्रान्सनेही त्याला आपला मानलं : २०१३ च्या सेझार पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शक, पटकथा, अभिनेता आणि अभिनेत्री अशी पाचही मोठी बक्षिसं त्यालाच मिळाली. त्याआधी मे २०१२ मध्ये कान चित्रपट महोत्सवात पाम दोर, म्हणजे तिथलं सर्वोच्च बक्षीस, मिळालं होतं. हानेके यांचं ते दुसरं, पहिलं २००९ सालचं. कानच्या परीक्षकांनी बक्षीस जाहीर करताना दोन्ही मुख्य कलाकारांच्या वाट्याचा मुद्दाम उल्लेख केला, आणि ते अगदी योग्य होतं.

या दोन कलाकारांना आधी कुठे पाहिलंय असं वाटतं?

फ्रेंच सिनेमा थोडाफार पाहिला असेल तर नक्की पाहिलंय. जाँ-लुई त्रँतिन्याँ (जन्म १९३०) हे साठच्या दशकापासूनचे मोठे नट. १९६६ सालच्या ‘एक पुरुष, एक स्त्री’ या प्रेमकथेतला रेसिंग ड्रायव्हर म्हणून ते जगभर पोचले. ‘आमूर’च्या आधी बरीच वर्षं त्यांनी सिनेमा जवळजवळ सोडला होता आणि ते रंगभूमीवरच काम करत होते. हानेके यांनी ही भूमिका त्यांनाच डोळ्यांसमोर ठेवून लिहिली. एमान्युएल रिव्हा (जन्म १९२७) म्हणजे १९५९ सालच्या ‘हिरोशिमा, मोनामूर’ची नायिका. त्या सिनेमाच्या नावातही ‘आमूर’ आहे, हा योगायोग मला दर वेळी हलवून जातो. तेव्हा त्या बत्तीस वर्षांच्या होत्या. ऑस्करसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं नामांकन मिळालं तेव्हा त्या पंच्याऐंशीच्या होत्या, त्या विभागातल्या त्यावेळपर्यंतच्या सर्वांत वयस्कर. २४ फेब्रुवारी २०१३ ला, म्हणजे समारंभाच्या दिवशीच, त्यांना शहाऐंशी पूर्ण झाली. बाई २०१७ च्या जानेवारीत गेल्या, त्रँतिन्याँ २०२२ च्या जूनमध्ये. मुलीच्या भूमिकेत इझाबेल युपेर आहेत. आणि आनचा जुना विद्यार्थी म्हणून येणारा पियानोवादक अलेक्झांद्र तारो हा खराखुरा पियानोवादक आहे.

*इथून पुढे सगळं उघड आहे.*

सुरुवातीलाच मृतदेह दाखवून टाकला, मग उत्सुकता काय राहिली?

अग्निशमन दलाची माणसं दार फोडून आत येतात. नाकावर हात धरतात, खिडक्या उघडतात. एका खोलीचं दार चिकटपट्टीने बंद केलेलं असतं. आत पलंगावर आन, नीटनेटक्या कपड्यात, उशीवर डोक्याभोवती फुलं. मग पडद्यावर नाव येतं.

शेवट काय आहे हे कळल्यामुळे आपण ‘वाचेल का?’ या प्रश्नातून सुटतो. आणि त्या प्रश्नातून सुटलो की माणूस बारीकसारीक गोष्टी बघायला लागतो. खुर्चीवरून पलंगावर कसं न्यायचं. घोट घशाखाली गेला की नाही. ज्यांनी घरी असं आजारपण काढलंय त्यांना माहीत असतं, डॉक्टर स्पष्ट बोलले की घरातली धावपळ बदलते. रिपोर्टकडे लागलेले डोळे ताटाकडे वळतात.

दुसरं एक. त्या पहिल्या प्रसंगात बाहेरची माणसं दार तोडून घरात शिरतात. पुढच्याच प्रसंगात जोडपं मैफलीहून परततं तर कुणीतरी कुलूप फोडायचा प्रयत्न केलेला असतो. इथपासून शेवटपर्यंत हा सिनेमा दाराचा आहे. कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला नाही, हे जॉर्ज दर वेळी नव्याने ठरवत राहतो.

सगळे याला मृत्यूचा सिनेमा म्हणतात, तुम्ही संसाराचा का म्हणता?

कारण त्यात मरणं शेवटच्या काही मिनिटांत आहे आणि संसार पहिल्यापासून शेवटपर्यंत.

नाश्त्याचा प्रसंग आठवा. स्वयंपाकघरातलं छोटं टेबल, उकडलेलं अंडं, चहा. बोलणं चाललंय ते कुलपाची दुरुस्ती वगैरे, रोजचंच. आन बोलता बोलता थांबते. समोर बघते, पण बघत नाही. जॉर्ज हाक मारतो, तिचा चेहरा दोन्ही हातांत धरतो. काही नाही. तो उठतो, नळ सोडतो, टॉवेल ओला करतो, तिच्या चेहऱ्याला आणि मानेला लावतो. तरी काही नाही. मग कपडे चढवून मदत आणायला आतल्या खोलीत जातो. नळ तसाच चालू. आपल्याला तो दिसतोय, बूट-कपड्यांशी झटापट करणारा, आणि मागून पाण्याचा आवाज येतोय. एकाएकी तो आवाज थांबतो.

कुणीतरी नळ बंद केलाय. घरात दोघंच.

तो परत येतो तर ती त्यालाच विचारते, नळ चालू ठेवून कुठे गेला होतास? तिला मधलं काहीच आठवत नाही. त्याला वाटतं ती थट्टा करतेय, तो चिडतो. मग ती चहा ओतते आणि धार कपाच्या बाहेर पडते.

माझ्या मते सिनेमाचा सगळा जीव या पाच मिनिटांत आहे. इतकी वर्षं एकत्र काढलेल्या माणसाला पाणी थांबल्याच्या आवाजावरून कळतं की ती आली. दुसऱ्या कुणाला ते कळलं नसतं. आणि ती आल्या आल्या पहिलं काय करते, तर वाया जाणारं पाणी बंद करते. आपल्याकडच्या कुठल्याही घरातली बाई हेच करेल, म्हणूनच बहुधा ज्येष्ठ नागरिक मंडळात या जागी सगळा हॉल एकदम हुंकारला होता.

मैफलीहून परतल्यावर जॉर्ज तिला सहज म्हणतो, आज तू फार छान दिसत होतीस, सांगितलं का मी? पूर्ण सिनेमात प्रेम शब्दांनी व्यक्त झालंय ते बहुतेक एवढंच. बाकी सगळं हातांनी.

घर खरं आहे की सेट?

सेट. हानेके यांच्या आईवडिलांचं व्हिएन्नामधलं घर, त्याची मांडणी त्यांनी पॅरिसजवळच्या स्टुडिओत तशीच उभी करून घेतली आणि सामान मात्र पॅरिसच्या घरासारखं ठेवलं. कुठल्या खोलीतून कुठे जाता येतं, हे लिहितानाच ठरलेलं होतं. छायाचित्रण दारियुस खोंजी यांचं. कॅमेरा फारसा हलत नाही. माणूस फ्रेमबाहेर गेला तरी त्याच्या मागे धावत नाही, तिथेच थांबतो, जसं आजारी माणूस पलंगावरून बघतो तसं. पलंगावरून घर कसं ऐकू येतं, हे ज्याने आजारपण काढलंय त्यालाच ठाऊक : कुकरची शिट्टी, दाराची बेल, कुणाचा तरी दबका आवाज.

पार्श्वसंगीत का नाही?

नाही. जे संगीत आहे ते गोष्टीतलंच, आणि दर वेळी मध्येच तोडलेलं. सुरुवातीच्या मैफलीत शूबर्ट या संगीतकाराची रचना सुरू होते, पण आपल्याला दिसतात ते फक्त श्रोते. तारो घरी येतो तेव्हा आन त्याला बेटोव्हेनची एक छोटी रचना वाजवायला सांगते. लहानपणी तिनेच त्याला ती शिकवलेली. पुढे तो सीडी पाठवतो, सोबत चिठ्ठी. ती थोडं ऐकते आणि बंद करायला सांगते.

एक जागा तर विसरता येत नाही. आन पियानोवर शूबर्ट वाजवतेय, ताठ बसून, दोन्ही हातांनी. जॉर्ज खुर्चीत ऐकतोय. मग तो मागे हात नेतो, सीडी प्लेअरचं बटण दाबतो आणि पियानो थांबतो. त्या हातांनी आता तिला वाजवता येत नाही, हे आपण क्षणभर विसरलेले असतो. तोही विसरला होता.

ज्यांचा सगळा जन्म संगीतात गेला त्यांच्या घरात संगीत हीच सहन न होणारी गोष्ट होते. यावर वेगळं संगीत चढवलं असतं तर मी हा सिनेमा दुसऱ्यांदा पाहिला नसता.

मुलगी इतकी कोरडी का दाखवली?

हा प्रश्न नेहमी पन्नाशीतल्या लोकांकडून येतो, म्हणजे माझ्याच वयाच्या. आणि विचारणाऱ्याच्या आवाजात थोडी भीती असते.

एव्हा कोरडी नाही. तिला काय करावं कळत नाही. आईच्या पलंगाशी बसून ती घरखरेदीबद्दल, व्याजाबद्दल बोलत राहते, कारण गप्प बसलं तर रडू येईल. आई काहीतरी अस्पष्ट पुटपुटते. बाहेर आल्यावर एव्हा वडिलांवर तुटून पडते : हे असं कसं चालेल, दुसरा काही उपाय नाही का? जॉर्जचं उत्तर कठोर आहे. तुझ्या काळजीचा मला काही उपयोग नाही, असंच तो सांगतो. तू तिला तुझ्याकडे नेणार आहेस का? की एखाद्या संस्थेत ठेवू या? पुढे एकदा ती येते तेव्हा तो आनच्या खोलीला कुलूप लावून ठेवतो.

मला जॉर्जचं हे पटत नाही, आणि सिनेमाही त्याला पूर्ण बरोबर ठरवत नाही असं मला वाटतं. वचन त्याने दिलं होतं, मुलीने नाही. पण आई मुलीचीही होती. एव्हा एकदा वडिलांना सांगते की लहानपणी रात्री तुमच्या खोलीतून प्रणयाचे आवाज यायचे आणि मला त्यातून धीर यायचा, वाटायचं तुमचं एकमेकांवर प्रेम आहे, आपण सगळे कायम एकत्र राहणार. कुठल्याही आईवडिलांना मुलीने द्यावी अशी ही पावती आहे. पण नेमकं त्याच प्रेमाच्या दारापाशी तिला पन्नाशीत बाहेर उभं केलं जातं.

परदेशी असलेली मुलं, व्हिडिओ कॉल, ‘बाबा, ब्युरोची बाई ठेवा, पैशांचं मी बघतो’ : हे पुण्या-मुंबईच्या कितीतरी घरांत रोज चाललेलं आहे. दोन्ही बाजू आपापल्या जागी थकलेल्या असतात.

नर्सला काढून टाकतो तो प्रसंग इतका का लागतो?

आधीची नर्स नीट काम करते. दुसरी आनचे केस खसाखसा विंचरते आणि तिच्यापुढे आरसा धरते, कशी छान दिसते बघा म्हणून. आन तोंड फिरवते. जॉर्ज तिला पैसे देऊन निरोप देतो आणि शांतपणे म्हणतो, तुम्ही जसं पेशंटशी वागता तसं कधीतरी कुणी तुमच्याशी वागो, आणि तेव्हा तुम्हाला प्रतिकार करता न येवो. तिला तर आपलं काय चुकलं तेच कळत नाही. ती शिव्या देत जाते.

तिने मारलेलं नाही, उपाशी ठेवलेलं नाही. फक्त आनला जे नको होतं ते केलं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाकडे ‘नको’ म्हणायची फार थोडी साधनं उरतात. मान फिरवणं हे त्यातलं एक.

त्याने तिला थप्पड मारली. हे प्रेम कसं?

ती पाणी प्यायला तयार नाही. तो चमच्याने, मग फीडिंग कपाने प्रयत्न करतो. समजावतो, विनवतो, हॉस्पिटलची भीती घालतो. ती घोट तोंडात घेते आणि थुंकते. त्याचा हात उठतो. लगेच तो माफी मागतो. दोघांच्याही चेहऱ्यावर जे येतं त्याला मला शब्द सापडत नाही.

आमच्या घरात माझ्या आजीच्या शेवटच्या वर्षी मी आजोबांना पेजेची वाटी घेऊन बसलेलं पाहिलंय. आजी दात मिटून घ्यायची. आजोबा आधी ‘घे गं, एवढा एकच’ म्हणायचे, मग आवाज चढायचा, मग एकदा वाटी त्यांनी इतक्या जोरात टेबलावर आदळली की पेज भिंतीवर उडाली. नंतर ते स्वतःच ओल्या फडक्याने भिंत पुसत बसले होते, डाग गेल्यावरही पुसतच होते. घरात त्या दिवसाबद्दल कुणी कधी बोललं नाही. हा सिनेमा पाहीपर्यंत मला वाटायचं, असं फक्त आमच्याकडेच झालं.

म्हणून या प्रश्नाला मी उत्तर देते ते असं : मारणं चूक, सिनेमाही ते चूकच दाखवतो. पण दोन माणसांपैकी एकाने रात्रंदिवस दुसऱ्याचं सगळं करायचं, मदतीला कुणी नाही, झोप नाही, तर हात उठण्याची वेळ चांगल्यातल्या चांगल्या माणसावर येऊ शकते. घरी कुणाचं करत असाल आणि असं झालं असेल तर ते कुणाला तरी सांगा. आणि आठवड्यातून एक दिवस तरी दुसऱ्या कुणाला बसवून बाहेर पडा. जॉर्जने ते केलं नाही. इमारतीची देखभाल करणारं जोडपं किराणा आणून द्यायचं, त्याचं कौतुक करायचं, पण बसायला कुणी नव्हतं.

शेवटी तो सांगतो ती गोष्ट काय आहे?

आनची वाचा गेलेली आहे. ‘दुखतंय, दुखतंय’ एवढा एकच शब्द ती ओरडत राहते. नर्सने सांगितलेलं असतं की तिकडे लक्ष देऊ नका, हे आपोआप येतं. जॉर्ज पलंगावर बसून तिचा हात कुरवाळतो आणि एक गोष्ट सांगायला लागतो. तो दहाएक वर्षांचा असताना सुट्टीतल्या शिबिराला गेला होता. आईशी ठरलेलं : छान चाललं असेल तर पोस्टकार्डावर फुलं काढायची, नसेल तर तारे. एके दिवशी जेवणात तांदळाची खीर होती. त्याला ती आवडायची नाही. संपवल्याशिवाय उठायचं नाही, अशी शिक्षा झाली. तीन तास तो ताटापुढे बसून राहिला. मग खोलीत गेला तर अंगात ताप. घटसर्प निघाला. त्याला वेगळं ठेवलं, आई भेटायला आली तर काचेपलीकडून. शिबिरातून त्याने पाठवलेलं कार्ड ताऱ्यांनी भरलेलं होतं.

तोवर आन शांत झालेली असते. तो बाजूची उशी उचलतो आणि तिच्या तोंडावर दाबून धरतो.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ही गोष्ट फक्त तिला शांत करण्यासाठी आहे असं वाटलं. तिसऱ्यांदा पाहताना लक्षात आलं, नको असलेलं अन्न पुढ्यात ठेवून ज्या मुलाला बसवून ठेवलं, त्यानेच म्हातारपणी बायकोला पाण्यासाठी थप्पड मारली. ते त्याला आठवलं असणार. आणि आनने आधी खाणंपिणं नाकारून जे पाठवलं ते ताऱ्यांचंच कार्ड होतं.

आणखीही एक. आधी एकदा जॉर्ज लहानपणी पाहिलेल्या एका सिनेमाची आठवण सांगतो. सिनेमा विसरला, पण तो दुसऱ्याला सांगताना आपल्याला रडू आलं होतं ते आठवतं. आन विचारते, हे मला कधी सांगितलं नाहीस? तो म्हणतो, अजून कितीतरी गोष्टी तुला ठाऊक नाहीत. कधीतरी ती त्याला म्हणते, तू कधीकधी राक्षस असतोस, पण चांगला आहेस. इतक्या वर्षांच्या संसारातही न सांगितलेलं उरतं, आणि त्यातली एक गोष्ट त्याने शेवटच्या क्षणासाठी ठेवलेली होती. ठरवून ठेवली होती असं मला वाटत नाही. उशीही त्याने ठरवून उचलली असं मला वाटत नाही.

म्हणजे हा सिनेमा इच्छामरणाच्या बाजूचा आहे का?

नाही. प्रचार करायचा असता तर इतका अवघड प्रसंग लिहिला नसता. आनचे पाय झटतात, आणि ते बराच वेळ चालतं. हानेके यांनी सांगितलं आहे की या विषयाचं मूळ त्यांच्या घरातलं : त्यांना वाढवणाऱ्या, नव्वदी उलटलेल्या मावशीने आजाराला कंटाळून आयुष्य संपवलं होतं. आपल्या प्रेमाच्या माणसाचं दुःख बघत राहणं कसं निभवायचं, हा त्यांचा प्रश्न होता.

कायद्याचं विचारतात म्हणून सांगते. जॉर्जने केलं त्याला फ्रान्समध्ये आणि भारतातही कायदा हत्याच म्हणेल. आपल्याकडे परवानगी आहे ती उपचार थांबवण्याची किंवा सुरूच न करण्याची, आणि त्या चर्चेचा उगम मुंबईतला आहे. केईएम हॉस्पिटलमधल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ मध्ये हल्ला झाला, त्यानंतर मे २०१५ मध्ये निधन होईपर्यंत त्या तिथेच अंथरुणाला खिळून होत्या. त्यांच्या वतीने केलेला अर्ज सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये फेटाळला, पण त्याच निकालात निष्क्रिय दयामरणाला कडक अटींवर वाट करून दिली. मला त्या निकालात सर्वांत भिडलेली गोष्ट म्हणजे केईएमच्या परिचारिकांची भूमिका. इतकी वर्षं त्यांनी आपल्या सहकारी बाईंना सांभाळलं आणि पुढेही सांभाळू, असं त्यांनी ठामपणे मांडलं. पुढे २०१८ मध्ये घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि ‘माझ्यावर असे उपचार करू नका’ असं आधीच लिहून ठेवता येईल असं म्हटलं. त्या कागदावर पूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागे. २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात.

आनने आपली इच्छा तोंडी सांगितली होती, नवऱ्याला, बंद घरात. तिसऱ्या कुणाला ती माहीत नव्हती, मुलीलाही नाही. आमच्या मंडळात सिनेमानंतर तिघाचौघांनी असे कागद करून घेतले आणि मुलांना बसवून वाचून दाखवले.

कबुतराचा अर्थ काय?

कबुतर खिडकीतून दोनदा आत येतं. पहिल्यांदा जॉर्ज त्याला हुसकतो. दुसऱ्यांदा, आन गेल्यानंतर, तो खिडकी बंद करतो, पांघरूण टाकून कसंबसं त्याला पकडतो आणि मांडीवर धरून कुरवाळत बसतो. मग एका पत्रात लिहितो की मी त्याला सोडून दिलं.

आत्मा, मुक्ती वगैरे बरंच सांगतात लोक. मला मात्र त्या म्हाताऱ्या माणसाची कबुतरामागची लंगडी धावपळ दिसते. घरात श्वास घेणारं दुसरं कुणी उरलेलं नाही आणि त्याला काहीतरी उबदार हातात धरायचं आहे.

मध्येच भिंतीवरची चित्रं का दाखवतात?

घरातली निसर्गचित्रं एकामागून एक पडदाभर दिसतात, आवाज नाही. चार भिंतींतून बाहेर जायला तेवढ्याच खिडक्या आहेत. अर्ध्या मिनिटासाठी आपल्यालाही मोकळी हवा मिळते.

कुणी पाहू नये?

घरात सध्या कुणी अंथरुणावर असेल तर थांबा. वर्ष-दोन वर्षं जाऊ द्या. नुकतंच कुणी गेलं असेल तरीही. एरवी पाहा, पण जोडीदाराबरोबर पाहा, आणि एका बैठकीत. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. मराठी उपशीर्षकं मला अजून मिळालेली नाहीत, इंग्रजीवर भागवावं लागतं. आमच्याकडे मी मध्ये मध्ये हळू आवाजात मराठीत सांगत जाते. संवाद कमीच आहेत, त्यामुळे जमतं.

शेवटी जॉर्जचं काय होतं?

दाखवलेलं नाही. तो फुलं आणतो, सिंकमध्ये धुऊन कात्रीने देठ छाटतो, कपाटातून तिचा पोशाख निवडतो, खोलीच्या दाराला चिकटपट्टी लावतो. छोट्या खोलीतल्या पलंगावर पडून राहतो. मग स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येतो. तो उठून जातो तर आन भांडी विसळतेय, पूर्वीसारखी. माझं होतच आलंय, तू बूट घाल, म्हणते. तो बूट घालतो. दोघं निघतात. दारात ती विचारते, कोट नाही घेत? तो मागे वळून कोट घेतो आणि दार बंद होतं.

त्यानंतर एव्हा येते. रिकाम्या घरात सगळ्या खोल्यांची दारं उघडी आहेत. ती बैठकीच्या खोलीत जाऊन खुर्चीवर बसते.